शाल्मलीचं उलटपत्र

शाल्मलीचं पत्र आलं त्याला चौदा महिने झाले होते. वेंगुर्ल्याच्या गजानन वालावलकरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटं होतं. 'बाबा, मी खोलघरात जायचं ठरवलं आहे. माझं उलटपत्र तुम्ही लिहा. मी कशी मरेन, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही.'

खोलघर म्हणजे समुद्राच्या तळाशी, नऊशे मीटर खोलीवर बांधलेली सहा माणसांची प्रयोगशाळा. उलटपत्राखेरीज तिथे कुणालाही उतरवत नसत. जाणाऱ्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने पत्रावर एक वर्ष पुढची तारीख घालायची, तो मेला आहे असं धरून चालायचं आणि का मेला ते भूतकाळात लिहायचं. पत्र हातानेच लिहावं लागे. यंत्राकडून लिहून घेतलेल्या पत्रांत सगळी माणसं एकसारखीच मरत.

वालावलकरांनी नकार दिला नव्हता. ते फक्त गप्प राहिले होते. त्यांच्या गप्प राहण्यामुळे शाल्मलीच्या दोन तुकड्या हुकल्या आणि ती जमिनीवर राहिली. आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटत नव्हतं. चांगलं केलं, असंही वाटत नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर रुक्साना दळवी त्यांच्या घरी आल्या. मरणापासून मागे जात कारणं शोधणारा खोलघराचा उलटगणक त्यांनीच बांधला होता.

"काका, किती ही पुस्तकं! बसायचं कुठे?"

"त्या शब्दकोशावर बसा. भक्कम आहे." चहा पुढे करून वालावलकर म्हणाले, "बापाला मुलीच्या मरणाची गोष्ट लिहायला सांगता. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं. म्हणून तर स्वतः आले. आधी आम्ही विचारायचो, माणूस तिथे जगेल कसा? हजार उत्तरं मिळायची, सगळी गोड. पहिल्या चार वर्षांत नऊ माणसं गेली. मग आम्ही प्रश्नच उलटा केला. तो मेलाच आहे; का? श्वास थांबला. का? हवा संपली. का? झडप उघडी राहिली. का? कुणी ती बंद केली नाही. इथपर्यंत माझा गणक मागे मागे जातो. हात का हलला नाही, हे मात्र घरच्यांनाच ठाऊक असतं. ते कळलं, की नेमका तिथेच आम्ही बंदोबस्त करतो."

"आणि मग कुणी मरत नाही?"

"पत्रं सुरू झाल्यापासून एकच गेला. त्याच्या आईने पत्रात त्याचं नुसतं कौतुक लिहिलं होतं."

चाळीस वर्षं वालावलकर मुद्रितशोधक होते. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम.

"शाल्मली सांगत होती, तुम्ही मुद्रितं उलटी वाचायचात," डॉक्टर म्हणाल्या.

"शेवटच्या शब्दापासून मागे. सरळ वाचलं की डोळ्याला हवं तेच दिसतं. चूक सुटते."

"मग माझं यंत्र मी तुम्हाला काय समजावू!"

"मी नाही लिहिलं तर?"

"तिसऱ्या वेळी नियम सैल होतो. तिची एक मैत्रीण लिहील. चार महिन्यांची ओळख आहे. बावीस तारखेला तुकडी उतरते."

म्हणजे आता वालावलकर गप्प राहिले तरी ती थांबणार नव्हती.

"आणि मी लिहिलेलं चुकलं तर? माझा अंदाज बऱ्याचदा चुकतो."

"चुकलेल्या पत्राने कुणी मरत नाही, काका; फार तर एक बंदोबस्त फुकट जातो. सांगून तरी बघा. कशी आहे ती?"

"सोशिक," वालावलकर लगेच म्हणाले. "नऊ वर्षांची असताना फणसावरून पडली. हात मोडला. मी मुद्रितं तपासत होतो, म्हणून संध्याकाळपर्यंत हूं की चूं केलं नाही पोरीने."

ही गोष्ट ते वीस वर्षं अभिमानाने सांगत आले होते. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वालावलकर लिहायला बसले. सुरुवात शेवटापासून केली.

'शाल्मली वारली. हवा संपली होती. झडप बिघडल्याचं तिला पाच तास आधी कळलं होतं. ती एकटीच दुरुस्त करत बसली. पलीकडच्या खोलीत पाच माणसं कामात होती. तिने त्यांना हाक मारली नाही.'

का? त्यांनी फणस लिहिला, हात लिहिला. मग बराच वेळ लेखणी थांबली.

'त्या दिवशी माझ्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. मी पावलं ऐकली होती. पान संपेपर्यंत मान वर केली नाही. नंतर मी तिच्या गप्प राहण्याचं कौतुक करत राहिलो, आणि ती तशीच राहिली.'

ही पावलं त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. उतरण्याआधी प्रत्येकाचं उलटपत्र सहाही जणांसमोर मोठ्याने वाचत. शाल्मली तिथे बसलेली असणार होती. चूक सापडावी म्हणून त्यांनी पत्र शेवटच्या शब्दापासून मागे वाचून काढलं. सापडली नाही.

नियमाप्रमाणे पत्रातली तारीख पाकिटावरही घालावी लागे. टपाल कचेरीतल्या बाईंनी ती दोनदा वाचली आणि शिक्का हातातच धरला.

"काकानू, तारीख चुकली वाटता. ही तर फुडच्या वर्साची!"

वालावलकरांनी चष्मा पुसला.

"नाय," ते म्हणाले. "बरोबर आसा."

बाईंनी शेजारी आजच्या तारखेचा शिक्का मारला. पाकीट थैलीत पडेपर्यंत ते खिडकीपाशी उभे होते.