तिसरा भाग

दादा, तिसरा भाग तू माझ्याशिवाय का पाहिलास?

तो हेल्मेट घालत होता तेव्हा मी विचारलं होतं. तो नुसता हसला आणि गाडी काढून गेला. हुणसूर रस्त्यावरून परत आला नाही.

त्यानंतर महिन्याभराने, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सहना वैनीने मला हिनकलला पाठवलं. दादाचा लॅपटॉप दुरुस्त झाला होता, तो आणायला. दुसऱ्या दिवशी ती वरुणा गावाला, माहेरी जाणार होती.

दादाला परदेशातल्या जुन्या राजांचे सिनेमे फार आवडायचे. तलवारी, बर्फ, आग ओकणारे पक्षी. मी सहावीत शाळा सोडलेली. खालची इंग्रजी अक्षरं मला लागेपर्यंत पळून जायची. दादा ती मराठीत वाचून दाखवायचा. "थोरला राजा म्हणतोय, गुरू, माझा घोडा कुठाय?" तो वाचायला लागला की मित्राला 'गुरू' म्हणणारे ते राजे आमच्या गल्लीतले वाटायचे. दोन भाग आम्ही असे पाहिले. मग त्याचं लग्न झालं. तिसऱ्या भागाला खोलीची कडी आतून लागली.

लॅपटॉप दिला तेव्हा वैनी म्हणाली, बसा, आमचा अर्धाच बघून झालाय. मी नाही म्हटलं. तिचा नवरा, तिचा सिनेमा. बघू दे एकटीला.

आई झोपली. मी बाहेरच्या खोलीत पडलो. आतून तलवारींचा आवाज येत होता. मग ऐकू आलं...

दादा वाचत होता.

हळू. मधेच नाकातून हसत.

वाटलं, वैनीने त्याचा आवाज मोबाइलमध्ये साठवून ठेवलाय. मला सांगितलंही नाही. डोकं फिरलं. दाराला लाथ घातली. ते उघडंच होतं.

वैनी भिंतीला टेकून बसलेली. मोबाइल बंद. शेजारची उशी रिकामी. आवाज उशीकडून...

"तुम्हालाही ऐकू येतंय?" तिने कन्नडमध्ये विचारलं.

मी मान हलवली.

आवाज थांबला नाही.

वैनी कन्नड घरातली. दादा तिच्याशी कन्नडच बोलायचा. ती कान देऊन ऐकत राहिली.

"हे मराठी आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यासाठी नाही."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. त्याच्या लग्नापासून माझ्या पोटात तेच जळत होतं.

मी खाली बसलो. दादा एक वाक्य म्हणायचा, मी ते तिला कन्नडमध्ये सांगायचो. राजा मेला. त्याच्या घोड्याने खाणं सोडलं. मग नुसता बर्फ पडत राहिला... आणि दादा...

गप्प.

सकाळी त्या उशीवर तेलाचा डाग होता. डोक्याएवढा. ओला. खोळ आईने आदल्याच दिवशी धुतलेली. वास दादाच्या आवळा तेलाचा. त्याची बाटली आईने कधीच टाकून दिली होती.

खोळ मी काढून शर्टाखाली लपवली. वैनीला बसवर सोडायला गेलो तरी खोळ माझ्याजवळच होती. बस हलली. मी धावलो, आणि खिडकीतून खोळ वैनीच्या मांडीवर टाकली.