न सरकणारा ठिपका

दुर्बीण केवढी घ्यावी, या एका प्रश्नावरून चष्मेवालीने दुर्बीणवाल्याच्या नाकी नऊ आणले होते. तिचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान होतं, भिंगांतलं तिला चार लोकांपेक्षा जास्त कळत होतं, आणि म्हणूनच ती सहजासहजी ऐकणाऱ्यांतली नव्हती.

"चार इंची घ्या ना ताई," तो म्हणाला. "हलकी आहे. परसात नेली, बघितलं, उचलून परत आत. कटकट नाही."

"चार इंचीत शनीचं कडं दिसेल?"

"दिसतं की."

"मला नाही हो बघायचं. वडिलांना बघायचंय. त्यांचा डावा डोळा केव्हाच गेलाय. उजवा जायच्या वाटेवर आहे."

दुर्बीणवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तो नीट बोलू लागला. म्हणाला, लोक येतात आणि विचारतात, किती मोठं दिसेल. खरं विचारायचं असतं, उजेड किती गोळा होईल. आरसा जितका रुंद, तितका उजेड जास्त. अधू डोळ्याला मोठं चित्र देऊन भागत नाही, त्याला उजेड द्यावा लागतो.

"मग बारा इंची द्या."

"तुमच्या मागच्या दाराची रुंदी मोजलीत का?"

तिने पर्समधून टेप काढून टेबलावर ठेवली. दार तर तिने मोजलं होतंच, पण पायरीची उंची आणि परसाच्या भिंतीची उंचीही मोजली होती. दुर्बीणवाला हसला. हिशोब मांडल्यावर बारा इंची दारातच अडकत होती, आणि तिला उचलायला दोन धडधाकट माणसं लागली असती. सहा इंचीवर तिचं समाधान होईना. शेवटी आठ इंची ठरली. वजनाला ती एखाद्या भरल्या सिलिंडरसारखी होती, पण चष्मेवाली हट्टाला पेटली की वजनबिजन बघत नसे.

"एक सांगतो," तो नळी गाडीत ठेवताना म्हणाला. "चित्र उलटं दिसतं. आणि तारे सरकत जातात. पृथ्वी फिरते ना, त्यामुळे. नळी सारखी हाताने हळूच ढकलत राहायची."

उलट्या चित्राचं घरी सांगितल्यावर आबा खुदकन हसले. "मी जन्मभर जग उलटंच बघितलंय, पोरी."

ते खरंच होतं. आबा जमिनी मोजायचे. त्यांच्या काळातल्या मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. लांब माळावर आकड्यांची पट्टी धरून एक माणूस उभा असायचा, तो दुर्बिणीत डोक्यावर उभा दिसायचा. आवाज तिथवर पोचायचा नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. हात आडवा झाला की त्या बाजूला सरक. खाली आला की बस्स, हलू नकोस. डोक्यावर गोल फिरला की इकडे ये. तरुणपणी एकदा मुक्कामावर असताना आबांनी तीच दुर्बीण शनीवर लावली होती. तांदळाच्या दाण्याएवढा लांबट ठिपका दिसला, कडं काही दिसलं नाही. ती रुखरुख त्यांच्या मनात राहून गेली होती. त्यांनी ती मुलीला सांगितली ती डॉक्टरांकडून परतताना. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करावंच लागेल, पण आहे ती नजर टिकेल अशी खात्री देता येणार नाही.

त्या दिवशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. ऑपरेशनच्या आधी आबांनी कडं बघितलंच पाहिजे. पुढचं पुढे.

पहिल्या संध्याकाळी तिने परसात स्टूल मांडलं, शेजाऱ्यांना सांगून त्यांचा दिवा बंद करून घेतला. शनी अजून झाडाच्या आड होता. तोवर आबा असेच इकडेतिकडे बघत होते. तारा मधोमध यायचा, हळूहळू कडेला जायचा, की आबा बोटाने नळी ढकलायचे. हात अजून सरावलेला होता.

"हा एक सरकत नाही गं," थोड्या वेळाने ते म्हणाले.

तिने डोळा लावला. भिंतीच्या थोडं वर एक बारीक, पिवळसर ठिपका. बाजूचे तारे सावकाश निघून गेले. तो जागच्या जागी राहिला.

"टॉवरचा दिवा असेल."

"त्या बाजूला टॉवर नाही. ती सगळी जमीन मी मोजलीय."

तिने दुर्बीणवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, काही उपग्रह आकाशात एकाच जागी असतात. मग त्याने दिशा विचारली, ठिपका किती ठळक आहे ते विचारलं. "बघतो," म्हणाला. त्याचा फोन परत आला नाही.

त्या दिवशी शनी झाडावर येईपर्यंत ढग आले. दुसऱ्या दिवशीही ढगच. ती आकाशाला तोंडभर शिव्या देत होती. आबा मात्र शांतपणे स्टुलावर बसून ढगांच्या फटीतून तोच ठिपका बघत होते.

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तर आबांचा डावा हात आडवा झालेला.

"आबा, कुणाला हात करताय?"

त्यांनी दचकून हात खाली घेतला. "सवय गं. बोलता बोलता झालं."

"कुणाशी बोलता बोलता?"

त्यांनी परत दुर्बिणीला डोळा लावला. जरा वेळाने म्हणाले, "सरकला तो."

"काय?"

"मी हात केला, आणि तो सरकला. उलट्या चित्राचा हिशोब धरून बरोब्बर सरकला. नवशिक्या पट्टीवाल्याला हे जमत नाही. आठवडा जातो त्याचा."

ती हसली, पण हसू तोंडातच राहिलं. तिने आबांना बाजूला केलं, डोळा लावला आणि म्हणाली, "करा हात." आबांनी उजवा हात आडवा केला. ठिपका सरकला. डावा केला, परत आला. खाली घेतला, थांबला. दुकानात ती रोज लोकांना अक्षरं वाचायला लावते. काय दिसतं आणि काय दिसल्याचा भास होतो यातला फरक तिला शिकवायला नको होता. हे दिसत होतं.

"आबा, इकडे ये असा हात केलात का कधी?"

आबांनी तिच्याकडे न बघताच मान हलवली. "काल केला."

भीती तर वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला. एवढी आठ इंची आणली, पाठीची वाट लावून घेतली, ती काय यासाठी? तिने आबांना बजावलं, त्या बाजूला आता बघायचं नाही, हात तर मुळीच करायचा नाही. शनी बघायचा, आणि दुर्बीण परत द्यायची. आबांनी शहाण्या मुलासारखं कबूल केलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आकाश लख्ख निघालं. शनी झाडावर आला. तिने नळी वळवली, चित्र स्पष्ट केलं, आणि तिच्या तोंडून आपसूक "अगं बाई" निघून गेलं. कडं होतं. कुणी कातरून चिकटवल्यासारखं, स्वच्छ.

"या आबा. लवकर या."

आबांनी डोळा लावला. बोटाने नळी हळूच ढकलत ते बघत राहिले.

"कड्याच्या आणि गोळ्याच्या मध्ये फट आहे," ते हळूच म्हणाले. "काळी फट. दिसतेय मला."

तिला रडू आलं, आणि तिने ते आवरलंही नाही. आता डोळ्याचं काय व्हायचं ते होवो, आबांनी बघितलं होतं.

डोळे पुसून तिने पाहिलं, तर आबा स्टुलावर नव्हते. ते परसाच्या मधोमध उभे होते. हातातली चालायची काठी त्यांनी मोजणीच्या पट्टीसारखी समोर सरळ धरली होती, दोन्ही हातांनी, जमिनीला काटकोनात.

"आबा?"

"हात करतोय तो," आबा म्हणाले. "थोडं डावीकडे म्हणतोय."

ते अर्धं पाऊल सरकले.

तिने दुर्बिणीला डोळा लावला. शनी मधोमध होता. आबा नळी न ढकलता निघून गेले होते, तरी मधोमध होता. सरकत नव्हता. काहीच सरकत नव्हतं.

तिने नळी धरून जोरात जमिनीकडे वळवली.

"आबा, आत चला."

"हलवू नकोस. तो आकडा वाचतोय."

तिने काठी ओढली. म्हाताऱ्या हातांची पकड सुटेना. मग ती एकदम आपोआप सैल झाली.

"झालं," आबा म्हणाले, आणि थकून तिच्या खांद्यावर टेकले.

रात्रभर ते गाढ झोपले. ती त्यांच्या उशाशी बसून होती. सकाळी तिने त्यांना दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मनासारखं झालंय. तिच्या जिवात जीव आला.

पट्टी काढायच्या वेळी खोलीत चौघंच होती. सिस्टर पलंगाच्या एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला, चष्मेवाली पायाशी. पट्टी निघाली. आबांनी पापणी उघडली, उजेडाने मिटली, परत उघडली.

"काय दिसतंय, आबा?" डॉक्टरांनी विचारलं.

आबांनी ऑपरेशन झालेला उजवा डोळा मिटून घेतला. तो गेलेला, पांढुरका डावा डोळा त्यांनी तिच्यावर रोखला. आणि सावकाश हात आडवा केला.

काय वाटेल ते होवो, आपण हलायचं नाही, असं तिने ठरवलं. पलंगाची दांडी घट्ट धरून ती उभी राहिली. हलली नाही.

सिस्टर अर्धं पाऊल बाजूला सरकली. आबांनी दुसरा हात आडवा केला. डॉक्टरही सरकले, हातातल्या कागदातून मान वर न करता.

आता तिच्या आणि आबांच्या मध्ये कुणी नव्हतं. आबांनी हात खाली घेतला. बस्स, हलू नकोस.