चिकेपलीकडची चुटकी

तांब्याचं झाकण, कडेला पोचा आलेलं.

बांबूची चिक.

कुसाबाईंची पानाची चंची, सोमेश्वराच्या धबधब्याजवळ खडकावर विसरलेली.

कळवणचा निरोप.

एक चुटकी.

यातलं झाकण तेवढं आपल्या हातून निसटलं, बाकीचं आपोआप घडत गेलं… असं सगुणा पुढे सांगायची. छत्तीस सालच्या माघातली गोष्ट. पंचवटीतल्या गिऱ्हाइकाकडे हंडा पोचवायला ती आणि तिची आत्या कुसाबाई निघाल्या होत्या. नारोशंकराच्या देवळाखाली झाकण सुटलं आणि घाटाच्या पायऱ्यांवरून ठणठणत खाली गेलं. शेवटच्या पायरीवर एक तरुण पद्मासन घालून, डोळे मिटून बसला होता. त्यानं डोळे न उघडताच हात टाकला आणि झाकण थांबवलं.

"तांबट आळीतलं," तो म्हणाला.

"न बघता कळलं?"

"ऐकून कळलं."

मग त्यानं डोळे उघडले… आणि सगुणाला वाटलं, मिटलेलेच बरे होते. निदान निवांत बघता तरी येत होतं.

तो त्र्यंबक. तांबटाचाच मुलगा, पण वडील गेल्यावर हातोडा खाली ठेवून परगावी योगासनं शिकायला गेलेला, आणि आता मास्तर होऊन परतलेला. सगुणाचे वडील कोंडाजी त्याला 'नाक धरून पोट भरणारा' म्हणत.

त्यानं आळीजवळच्या धर्मशाळेच्या माडीवर बायकांचा वर्ग काढला, तेव्हा सगुणानं आत्याला 'गुडघे दुखतात का' असं इतक्यांदा विचारलं की ते खरंच दुखायला लागले. आत्याला सोबत हवी, म्हणून सगुणाही निघाली.

लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून मास्तर आणि बायका यांच्यामध्ये चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, सोडलेली असे. चिकेची गंमत अशी, की अंधारातून उजेडातलं दिसतं, उजेडातून अंधारातलं नाही. सगुणाला तो दिसे. त्याला ती नुसती ऐकू येई.

गुडघ्याभोवती हात फिरवायचा, चुटकी वाजवायची. ती एक मात्रा. त्या मापानं श्वास घ्यायचा, त्याच मापानं सोडायचा. पहिल्याच दिवशी त्याचा हात मध्येच थांबला.

"कोपऱ्यातला एक श्वास माझ्या चुटकीवर चालत नाही. फार घाईत आहे."

बायका माना वळवून बघू लागल्या. सगुणाचे कान तापले.

"आळीतली आहे मी, मास्तर," ती म्हणाली. "जन्मापासून हातोड्याच्या ठोक्यावर श्वास घेते. सवय जात नाही."

कुसाबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"हातोडाच असेल," तो म्हणाला, "तर इलाज नाही."

वर्गाच्या शेवटी सगळ्यांना शवासनात निजवून तो आपल्या आवडीच्या जागी घेऊन जाई. नुसत्या आवाजानं. कधी पांडवलेण्यातली ती खोली, जिथं ओठ मिटून केलेला 'म्' भिंती परत करतात. कधी तपोवनातलं वडाखालचा गार खडक. निम्म्या बायका तेवढ्यात घोरू लागत. सगुणा मात्र त्या जागा ध्यानात ठेवी आणि दर्शनाच्या निमित्तानं आत्याला तिकडे ओढून नेई.

सोमेश्वराला तो भेटला. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना.

"तुम्हाला ही जागा का आवडते?" तिनं ओरडून विचारलं.

"इथं कुणाचा श्वास ऐकू येत नाही. तेवढाच विसावा."

"कुणाचा म्हणजे…?"

तो पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या बाहीवर तुषार साचत होते, आणि ते पुसायला तिचा हात उगाचच शिवशिवत होता. कुसाबाई जरा लांब बसून पान जमवत होत्या. निघताना चंची तिथंच राहिली.

ती परत द्यायला तो आळीत आला, आणि घात झाला. तो गेल्यावर कोंडाजी म्हणाले, हातोडा टाकलेल्याच्या घरात मी मुलगी देणार नाही. कुणी मागितली नव्हती अजून. आठवड्याभरात कळवणहून भांड्यांच्या दुकानदाराचा निरोप आला: रविवारी मुलगी बघायला येतो.

शुक्रवारी वर्ग भरला आणि कुसाबाईंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मास्तर, आमची सगुणा आता यायची नाही. रविवारी कळवणचे येताहेत."

चुटकी वाजलीच नाही. मग त्यानं आसनं न घेताच सगळ्यांना निजायला सांगितलं.

"आज लांब जायचं नाही," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "तांबट आळी. या गावात मला सगळ्यात आवडणारी जागा. पळून गेलो तेव्हा कळलं नव्हतं… अमावास्या आहे. हातोडे बंद. इतकं शांत, की घराघरातलं माणूस ऐकू येतं. एका दारात एक मुलगी झाकण घासत बसली आहे, पोचा आलेलं. उद्या सकाळी मी त्या दारात जाणार आहे. तिच्या वडिलांनी हातोडा पुढे केला, तर घेईन. पण मुलीच्या मनात नसेल, तर नाही जाणार… तिनं आत्ताच सांगावं."

बायका घोरत होत्या. कुसाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले, जाग्या असून.

चिकेआडून एक चुटकी वाजली.

सकाळी तो आला. कोंडाजींनी बस म्हटलं नाही. तेच झाकण आणि हातोडा त्याच्यापुढे सरकवून म्हणाले, "पोचा काढ."

पहिला ठोका चुकला. दुसरा बसला. मग तो श्वास धरून ठोकत गेला आणि म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला. स्वयंपाकघराच्या दाराआड सगुणा भिंतीला टेकून उभी होती.

"हात गंजलाय," शेवटी कोंडाजी म्हणाले. "पण ठोका आपल्यातलाच आहे. सकाळी इथं बसायचं, संध्याकाळी काय नाक धरायचं ते धर." मग बहिणीकडे वळून म्हणाले, "कुसा, कळवणला नको म्हणून कळव."

दाराआड इतका वेळ कोंडलेला श्वास सुटला. त्र्यंबकची तिकडे पाठ होती. तो हसला.

वर्गाचा पहिला दिवस त्यानं मुद्दाम अमावास्येचा धरला होता, कारण त्या दिवशी तांबट आळीत एकही हातोडा उचलत नाहीत; सगुणाच्या श्वासाची घाई हातोड्याची नव्हती, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.