रिकामं मशीन

“मी वेडी नाही हो बाई! खाली शिलाई मशीन चालतं आणि सुईखाली कापडच नसतं... मला ऐकू येतं ते! रोज ऐकू येतं!”

धाकटी सून रडत रडत नर्सबाईंना सांगत होती आणि दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या थोरलीला समजेना की आत जावं, मागे फिरावं, की तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावं... कारण धाकटी अगदी खरं बोलत होती, आणि हे खरं आहे हे त्या घरात फक्त दोघींना माहीत होतं. एक थोरली, आणि दुसऱ्या म्हणजे पलंगाच्या पायथ्याशी बसून दुपट्याच्या घड्या घालणाऱ्या सासूबाई.

घर म्हणजे खाली सोफ्यांचं दुकान आणि वर राहायच्या खोल्या. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, सोफे दुरुस्त करायचे, फोम कापायचे, स्प्रिंगा बसवायचे, आणि कव्हरं शिवायची ती धाकटीने. तिचा कान असा तयार की कधी नवरा मशीनवर बसला आणि सुई बोथट झाली तरी ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, सुई बदला!” अशा बाईच्या कानाला फसवायला निघाल्या होत्या दोघी!

नर्सबाई बाळंतपणानंतर घरोघरी येणाऱ्या. बाळाला झोळीच्या काट्यात घालून त्यांनी वजन केलं, टाके बघितले, सगळं छान म्हणाल्या. पण धाकटीने पुढचं काढलं... ही माझ्याकडे पीतच नाही, तोंड फिरवते, सासूबाई खाली नेऊन पावडरचं दूध पाजतात तेव्हाच गप्प होते, आणि तेव्हाच ते मशीन... नर्सबाईंचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

“आणखी काही ऐकू येतं? माणसांचे आवाज वगैरे?”

“नाही. फक्त मशीन.”

“घरात आणखी कुणाला येतं?”

धाकटीने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी घडी घातलेलं दुपटं मोडलं आणि परत घातलं. “बाळंतीण आहे हो, झोप नाही पोरीला. भास होतात.”

भास! हा शब्द थोरलीने ऐकला होता. याच तोंडून.

महिन्याभरापूर्वी तीही बाळंत झाली होती. मुलगा. तिने डोळे उघडले तेव्हा पाळणा नव्हता आणि नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. बाळ पोटातच गेलं, असं सांगितलं तिला. दाखवलंसुद्धा नाही, तुला सहन होणार नाही म्हणून! “पण मी रडणं ऐकलं हो त्याचं,” ती म्हणाली होती, तेव्हा सासूबाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला होता... भास झाला असेल गं. दुसऱ्यांची पोरं रडत असलेल्या वॉर्डातून ती रिकाम्या हातांनी घरी आली आणि इकडे दूध मात्र आलं! छाती दगडासारखी झाली, ताप भरला. त्या दुधाचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि कुणाला विचारायचं हेही तिला माहीत नव्हतं.

या घराची रीतच तशी होती. समोरच्याला लागेल असं बोलायचंच नाही. प्रेम म्हणून सगळे सगळ्यांपासून लपवायचे.

आठवड्याभराने धाकटी पोटावरचे टाके घेऊन तापाने फणफणत घरी आली तेव्हा पोरगी भुकेने निळी पडेपर्यंत रडत होती. सासूबाईंनी तिला उचललं, खाली दुकानामागच्या खोलीत आणलं आणि न बोलता थोरलीच्या मांडीवर ठेवलं. पोरीने जे धरलं... थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! “धाकटीला कळायला नको,” सासूबाई पुटपुटल्या, “आपण कमी पडलो असं वाटेल तिला.” आणि पिण्याचा चुटचुट आवाज वर जाऊ नये म्हणून त्यांनी शेजारचं मशीन नुसतंच चालू केलं.

ताप उतरला. मग थांबायला हवं होतं. थांबलं नाही. का नाही थांबलं? थोरली रोज स्वतःला विचारायची आणि रोज वेगळं उत्तर मिळायचं. पोरीसाठी... धाकटीसाठी... नाही, माझ्यासाठी? ही माया की चोरी? तिचं तिलाच कळत नव्हतं. पोट भरलेली पोरगी वर जाऊन आईकडे तोंड फिरवायची आणि धाकटी समजायची, माझ्यातच काही नाही!

“हे बघा,” नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या, “घाबरू नका. पण जे नाही ते ऐकू येत असेल तर मला डॉक्टरांना कळवावं लागेल. ते तपासतील. कदाचित काही दिवस दवाखान्यात राहावं लागेल.”

“बाळ?”

“बाळ तोवर घरचे सांभाळतील.”

धाकटीने पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती किंचाळली. “नाही! आई, सांगा ना यांना! ताई, तुम्ही तरी सांगा, तुम्ही खालीच असता की! चालतं ना हो मशीन?”

सासूबाईंनी थोरलीकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती... गप्प राहा गं. गप्प राहिली तर पोरगी दिवसरात्र तिचीच होती! एका क्षणाला, फक्त एका क्षणाला, तो विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

“चालतं,” थोरली म्हणाली. “रिकामंच चालतं. तिला भास होत नाहीत.”

“अगं...” सासूबाई.

“पावडरचं दूध या घरात आलेलंच नाही. मी पाजते तिला. आवाज लपवायला मशीन.”

मग धाकटी बोलली, आणि नेहमीचं ‘ताई’ कुठल्या कुठे गेलं. “वा जाऊबाई! वा! माझं लेकरू माझ्याकडे पीत नाही म्हणून मी रात्र रात्र उशीत तोंड खुपसून रडले, आणि तुम्ही खाली... आणि वर मलाच वेडी ठरवत होतात?”

“हो,” थोरली म्हणाली. “काय हवं ते बोल. पण तुझे कान खरे आहेत एवढं धरून ठेव. मला कुणी हे सांगितलं नव्हतं गं. मीही ऐकलं होतं... माझ्या बाळाचं रडणं. मला भास झाला म्हणाले.”

दुपटं सासूबाईंच्या हातातून गळून पडलं.

“रडलं होतं,” त्या म्हणाल्या. “एकदाच. मी दाराबाहेर होते. मग थांबलं... तुला ते आयुष्यभर ऐकू येईल म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं, बोलू नका म्हणून. आणि ही पोरगी तुझ्या मांडीवर दिली ना, ती काही नुसती तिच्या भुकेसाठी नाही... तुझी रिकामी मांडी बघवत नव्हती गं मला!”

थोरली भिंतीला टेकली. रडलं होतं. म्हणजे होता तो! या जगात एकदा ओरडून गेला होता! तिला राग यायला हवा होता, आलाही, पण त्याच्यासोबत असं काहीतरी आलं ज्याला आनंद म्हणायची तिला लाज वाटली.

नर्सबाई थोरलीकडे वळल्या. “तुम्हाला बघायला कुणी आलं होतं का? बाळंतपणानंतर?”

“बाळच नव्हतं ना.”

नर्सबाईंनी वहीत थोरलीचं नाव लिहून घेतलं. मग आधी धाकटीला सांगितलं, आता दरवेळी पहिल्यांदा तुम्ही घ्यायचं, भुकेली असतानाच, दूध वाढेल. थोरलीला म्हणाल्या, एकदम बंद करू नका, छाती पिकेल, हळूहळू कमी करू. “आणि उद्या मी परत येतेय. तुमच्यासाठी.”

धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. थोरली खाली आली.

दुपार कलली. वर पोरगी रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो! तिच्या बाबांनी, म्हणजे थोरलीच्या दिराने, तिचं नाव मॅनेजर ठेवलं होतं, ती ओरडली की सगळा स्टाफ पळतो म्हणून. आज थोरलीने पळायचं नव्हतं. छातीला पान्हा फुटला, ब्लाउज ओला झाला, पाय आपोआप जिन्याकडे वळले... तिने ते ओढून आणले, मशीनसमोर बसली आणि कानावर ते रडणं पडू नये म्हणून पॅडलवर जोरात पाय दाबला. घर्रर्र... घर्रर्र... डोळे गच्च मिटून ती चालवत राहिली.

कधीतरी पाय दमला. मशीन थांबलं. वर शांतता होती. रडणं नव्हतं. नीट कान दिला तर जिन्यावरून अगदी बारीक, चुटचुट, चुटचुट...

थोरलीने पदर तोंडात कोंबला. प्यायली! आईकडे प्यायली! आणि हात, वेडे हात, उगाच परत मशीनवर गेले, पाय परत दाबला गेला.

“ताई!” वरून हाक आली. रडून बसलेला आवाज, पण हाक ताईच. “ताई, कापड नाहीये खाली. मला ऐकू येतंय.”

थोरलीने पाय उचलला.

“माझं दोन्ही बाजूंचं संपलं, हिला अजून भूक आहे. वर या... आणि ते बंद करून या.”