चार बोटांची हवा

रेडिओतल्या जळक्या मेणाचा वास अजून भिंतींना बिलगून होता, आणि त्या वासातच भंवरीबाईंचे वैधव्य एका दिवसाचे झाले होते.

दाराशी गडी उखर्डू बसला होता, हातांत बेड्या. अर्धांगाने खाटेला खिळलेले भंवरीबाईंचे पती भिकमचंदशेठ काल याच बंद खोलीत धुराने गुदमरले. उखर्डूने रागाने आग लावली, अशी त्यांच्या मुलाची, सुरेशचंदची फिर्याद होती. ती टिकली तर उखर्डूचा फास ठरलेला होता.

फौजदार अभिमन पाटील जळालेल्या रेडिओच्या सांगाड्यापाशी वाकले. टेबल भिंतीला भिडलेले. पण फरशीवर त्याच्या पायांचे जुने डाग चार बोटे अलीकडे. रेडिओच्या पाठीवरच्या भोकांत जळक्या मलमलीचे पदर.

"हे कापड?"

"मी शिवलं," भंवरीबाई म्हणाल्या. "पर्युषण चालू आहे. रेडिओच्या आतल्या दिव्यांवर पाखरं जळून मरतात. रेडिओच्या मिस्त्रीनं तारेची जाळी दिली होती, पण तिच्यातूनही बारीक जीव जातात, असं सुरेश म्हणाला."

"जाळी कुठे आहे?"

"तिथेच होती, जळाली," सुरेशचंद म्हणाला.

पाटील उखर्डूकडे वळले. "विडी ओढतोस?"

"वढस ना साहेब. पन आबाशेठनी खोलीमा नही. दोन दिसपासून सुरेशभाऊनी माले आत जाऊच दिधं नही. आबाना हात उचलाये नही. मंग रेडिओ चालू कोनी कया, त्यास्लेच इचारा."

इतक्यात शिपायाने जिन्याखालच्या सरकीच्या पोत्यांमागून एक लाकडी चौकट आणली. जाळी अखंड होती. तारेवर काजळीचा कणही नव्हता.

"जळालेली वस्तू इतकी स्वच्छ कशी, सुरेशचंद?"

पाटलांनी चौकट रेडिओच्या पाठीला लावून पाहिली; ती नेमकी बसली.

"रेडिओ आतून तापतो. खालून गार हवा शिरते, तापलेली पाठीतून निघून जाते. जाळीत पाखरू अडते, हवा अडत नाही. भिंतीपासून चार बोटे जागा सोडा, नाहीतर पेट घेईल, हे मिस्त्रीने एकट्या तुम्हाला बजावले होते. येताना जळगावात त्याला भेटूनच आलो. तुम्ही जाळी काढलीत, कापड घट्ट ताणलेत, टेबल भिंतीला लोटलेत, रेडिओ लावलात आणि दार ओढून घेतलेत. पर्युषण संपताच शेठजी जिनिंगचा कारखाना जनावरांच्या पांजरापोळाला देणार होते, हे गावाला ठाऊक आहे."

शिपायाने उखर्डूच्या बेड्या काढल्या.

भंवरीबाई स्वतःच्या बोटांकडे पाहत होत्या. सुईचे टोचे अजून लाल होते.

"सुरेश, दुहेरी शिव म्हणालास," त्या हळू म्हणाल्या, "ते पाखरांसाठीच ना?"

सुरेशचंदने पगडी सारखी केली, आणि उंबरा ओलांडून तो शिपायापुढे चालू लागला.