मागच्या बोटीची वायर

पाण्याचा नळ सोडला की विजेचा पंप सुरू होऊन माझ्या बोटीतले दिवे मंद व्हायचे आणि रेडिओवरचा माणूस घशात लोकर अडकल्यासारखा बोलायचा. याची मला इतकी सवय झाली होती की मी बातम्या ऐकताना हातच धूत नसे.

बोटीचं नाव 'हेरॉन'. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद. वडिलांनी तिच्यातून कोळसा वाहिला, आता मी तिच्यात राहते. स्टोक ब्रुअर्न गावाच्या वरच्या अंगाला, कालवा टेकडीखालून जातो त्या ब्लिसवर्थच्या बोगद्याच्या तोंडाशी, झाडांच्या सावलीत ती बांधलेली असते. सकाळी शेगडीवर बेकन, दारात बदकं, छपरावर लाकडाची मोळी. याहून जास्त मला कधी काही लागलं नाही.

पण त्या हिवाळ्यात बोटीच्या तपासणीचं वर्ष होतं. परीक्षक येतो, गॅस बघतो, वायरिंग बघतो आणि पास केल्याचा कागद देतो. कागद नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर बोट पाण्याबाहेर. नॉर्थॅम्प्टनला माझ्या भाचीनं, मर्टलनं, माझ्यासाठी खोली रंगवूनही ठेवली होती.

"खिडकीतून बाग दिसते, मावशी," ती म्हणाली.

"रोज तीच?"

"बाग कुठे जाणार आहे?"

"तेच तर म्हणतेय मी."

वायरिंग नवं केल्याशिवाय पास होणार नाही हे मला ठाऊक होतं. वायरमन मिळेना. बोटी दुरुस्त करणारा आमच्याकडचा माणूस म्हणाला, "ईस्टरनंतर बघू, मावशी."

"ईस्टरपर्यंत मला विटांच्या घरात नेऊन ठेवतील."

"मग त्या घराचं वायरिंग आजच करून देतो," असं म्हणून तो स्वतःच हसला.

गावातून एक घरांची कामं करणारा आला. पायरीवरच्या चकचकीत पितळेवर दोन्ही बूट ठेवून त्यानं विचारलं, "मीटर कुठाय?" हातात घराच्या भिंतीत घालतात त्या ताठ, एकेरी तांब्याच्या वायरचं भेंडोळं. बोटीला बारीक तारांची मऊ वायर लागते. इंजिन दिवसभर थरथरत असतं; ताठ वायर आतून मोडते आणि बाहेरून शहाण्यासारखी दिसत राहते. हे मी त्याला सांगत होते तेवढ्यात तो छताला डोकं आपटून गेला, तो परत आला नाही.

मग मी आमच्या लोकांची जुनी रीत धरली. कालव्यावर दोन बोटी शेजारून जातात तेव्हा एक वाक्य बोलण्याइतकी सवड मिळते. तेवढ्यात निरोप द्यायचा. ऐकणारा तो पुढच्याला देतो. एके दुपारी मी इंजिन सुरू केलं आणि बोगद्यातून ब्लिसवर्थकडे निघाले. भेटेल त्याला ओरडून सांगायचं, 'हेरॉन'ला वायरमन हवा.

बोगद्यात दोन बोटी जेमतेम एकमेकींना ओलांडतात. वरून पाणी ठिबकतं, काठची वाट नसते, दूरवर दुसऱ्या टोकाचा उजेड टाचणीच्या डोक्याएवढा. माझा पुढचा दिवा मेणबत्तीइतका पिवळा पडला होता. समोरून एक बोट आली, तिचा झोत डोळ्यांवर. मी ओरडले. तोही काहीतरी ओरडला. इंजिनांच्या आवाजात दोघांचंही वाहून गेलं.

त्या आठवड्यातच बोटीच्या अंगावर टकटक झाली. आमच्यात न ठोकता कोणी दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवत नाही, म्हणजे माणूस कालव्यावरचा होता. पन्नाशीचा, तंबाखूनं पिवळी झालेली मिशी, खांद्यावर हत्यारांची पिशवी.

"लेस्टर गॉफ. वायरमन हवाय ना, मावशी? दोन्ही बोटींना?"

"एकीलाच. दुसरी कुठली आली?"

"बोगद्यात भेटलो की आपण. तुमचं एक अक्षर कळलं नाही मला. तुमच्या मागच्या बाईनं सांगितलं नीट. म्हणाली, वायरमन हवाय, दोन्ही बोटींना, आधी हिचं कर."

"माझ्या मागे कोणी नव्हतं."

"होतं की! तुमच्या दोराला बांधलेल्या बोटीवर. बिचारीला दिवासुद्धा नव्हता. मी म्हटलं, ही म्हातारी अंधारात सुकाणू धरते तरी कशी!"

"कोणीतरी मागून येत असेल त्याचं त्याचं."

"इंजिनाचा आवाज नव्हता, मावशी." मग तो मिशीत हसला. "म्हणजे तुमच्याच इंजिनाखाली दबला असेल."

मी चहा ठेवला. किती दिवसांनी वायरमन मिळाला होता; त्याला अंधारात काय दिसलं यावरून त्याला परत पाठवण्यात शहाणपण नव्हतं.

ते दिवस छान गेले. लेस्टर गाणी चुकीच्या शब्दांनी म्हणायचा आणि फळ्यांमागून जुन्या वायरी ओढून काढायचा.

"ही निळी कुठे जाते, मावशी?"

"मला वाटलं तूच सांगशील."

"चार माणसांनी हिच्यात चार मतं घातलीत. आग लागली नाही याचं आश्चर्य."

"आगीलाही वाट सापडली नसेल."

नवे दिवे लागले तेव्हा बोटीत किती कोळीष्टकं होती ते मला कळलं. नळ सोडला तरी रेडिओवरचा माणूस स्वच्छ बोलू लागला. लेस्टरनं दाराजवळ एक गोल मीटर बसवला. वीज खर्च होऊ लागली की त्याची सुई शून्यावरून सरकायची.

बोटीच्या मागच्या टोकाला रंगाचे थर खरवडताना त्याला एक पितळी सॉकेट सापडलं.

"हे कशाचं? मागच्या टोकाला काय लावणार, शेपटी?"

मी त्याला सांगितलं. वडिलांच्या काळात बोटी जोडीनं चालत. पुढची इंजिनाची, मागची बिनइंजिनाची, दोराला. मागचीला आमच्यात 'बटी' म्हणतात. बटी म्हणजे सोबतीण. आमच्या बटीचं सुकाणू आईकडे असायचं. तिच्या खोलीत दिवा लागावा म्हणून वडिलांनी या सॉकेटातून दोराबरोबर वायर नेली होती. पुढे मोठ्या गारठ्याच्या वर्षी माल वाहणं संपलं आणि बट्या कोणालाच नको झाल्या. आमची इतरांबरोबर एका जुन्या खाणीच्या तळ्यात नेऊन बुडवली. वडील गेले होते बघायला. आई गेली नाही. पुढे शेवटपर्यंत विटांच्या घरात राहिली, तिथेही अंधार पडताना एकच दिवा लावायची. बाकी खोल्यांत आहे कोण, म्हणायची.

लेस्टर जरा वेळ पितळ पुसत राहिला. "काढून टाकू?"

"राहू दे. दिसतं छान."

"मग जुन्या वायरवर नको. नवी टाकतो, वेगळा फ्यूज देतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं सगळं बंद करून मीटर बघितला. सुई शून्यावर नव्हती.

थोडीशीच सरकलेली. एक बल्ब लागावा इतकी.

त्यानं एकेक फ्यूज काढला. सुई तशीच. मागच्या सॉकेटाचा काढला तेव्हा ती शून्यावर आली. आम्ही दोघं मागे गेलो. सॉकेटात काही खोचलेलं नव्हतं. त्यानं हाताचं बोट टेकवलं आणि काढून घेतलं.

"कोमट आहे. ओल गेली असेल आत."

दुसऱ्या दिवशी त्यानं ते कोरडं केलं, भोवती मेण भरलं. दिवसभर सुई शून्यावर. झाडांत कावळे बसायला आले तशी ती पुन्हा सरकली.

लेस्टरनं टोपी काढून पुन्हा घातली. "गळती असली की सुई थरथरते, मावशी. ही थरथरत नाही. कोणीतरी बटण दाबावं तशी जाते."

"मग?"

"मग काय, फ्यूज काढून ठेवा. परीक्षकाला असं दिसलं तर तो पास करणार नाही. मी केलेलं काम मी नापास होताना बघणार नाही." कावळ्यांकडे बघत तो म्हणाला, "आणि तुम्हाला एक सांगू? यापुढे मी सकाळचाच येत जाईन."

फ्यूज मी काढला नाही. बॅटरी भरलेली असायची, आणि एका बल्बाला असं कितीसं लागतं! संध्याकाळी सुई सरकली की मी किटली ठेवायचे. घरात कोणी आल्यावर ठेवतात तशी.

परीक्षकाच्या दिवशी मात्र सकाळीच काढून एप्रनच्या खिशात घातला. मिस्टर पिम दहाला येणार होते. वाटेत मेंढरांनी रस्ता अडवला, मग गाडी चिखलात रुतली. ते आले तेव्हा दिवस कलला होता. उंच, सौम्य माणूस. आत येण्याआधी बूट पुसले. गॅस बघितला, धुराची नळी बघितली, लेस्टरच्या कामाला "सुरेख" म्हणाले. मग फ्यूजच्या पेटीसमोर थांबले.

"ही जागा रिकामी का, मिसेस टॉली?"

"मागच्या सॉकेटाची आहे. वापरात नाही."

"वायर आहे तर फ्यूज हवा. रिकामी जागा मला आवडत नाही." त्यांनी स्वतःच्या डबीतून एक काढून बसवला. "आता सगळं बंद करा. हे नियमात नाही, पण माझी आपली सवय आहे. चहा निवेपर्यंत मी सुई बघतो."

मी सगळं बंद केलं. चहा त्यांच्या हातात दिला. नेहमीपेक्षा जास्त दूध घातलं, लवकर निवावा म्हणून.

त्यांनी टॉर्चचा उजेड मीटरवर धरला. शून्य.

"भाची आहे ना तुम्हाला गावात?"

"आहे. तिच्याकडे बाग आहे."

"वा."

खिडकी राखाडी झाली. बाहेर कावळे यायला लागले. मिस्टर पिमनी चहावर फुंकर घातली, घोट घेतला, आणि अजून कढत आहे म्हणाले.

मर्टलनं रंगवलेली भिंत मला दिसू लागली.

मी उठून मागच्या दाराशी गेले. दार थोडं उघडलं. बाहेर पाणी, त्यावर पानं, पलीकडे बोगद्याचं काळं तोंड. दोराच्या टोकाला असलेल्या माणसाशी आम्ही ज्या आवाजात बोलतो, न ओरडता पण लांब, त्या आवाजात मी म्हणाले,

"जरा थांब. पाहुणे आहेत."

मागे कुठेतरी लाकडावर लाकूड टेकल्यासारखा आवाज झाला.

"कोणाशी बोललात?" आतून मिस्टर पिम.

"बदकांशी."

"ऐकतात?"

"कधी कधी."

कावळे बसले. झाडं काळी झाली. मिस्टर पिमनी कप रिकामा केला.

"शून्य," ते म्हणाले आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. "राहा आता चार वर्षं मजेत."

ते काठावर उतरले तशी बोट त्यांच्या वजनानं जराशी उचलली गेली. त्यांचा टॉर्च वळणाआड गेला.

सुई सरकली.

त्यानंतर मी तो फ्यूज काढायच्या भानगडीत पडले नाही. लेस्टर मधूनमधून येतो, सकाळी, ब्रेड पुडिंग खातो आणि मीटरकडे पाठ करून बसतो. मर्टलनं त्या खोलीत शिलाईचं यंत्र ठेवलं. माझं बरं चाललं आहे.

गेल्या आठवड्यात कोळसा आणायला मी खाली गेले होते. येताना सगळ्यात वरच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून बोटीला वरच्या पातळीवर चढवणाऱ्या दरवाजांच्या हौदात, शिरले. आमच्याकडची लॉकं दोन बोटी शेजारी मावतील इतकी रुंद आहेत. एकटी बोट आत असली की वरून सोडलेलं पाणी तिला या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं. दोर गच्च धरावा लागतो. जोडी असली तर एकमेकींना धरून दोघी सरळ वर येतात. सकाळची वेळ होती, ऊन होतं. लॉकवर मदत करणाऱ्या माणसानं वरून पाणी सोडलं आणि ओरडला, "सांभाळा!"

मी दोर धरला. 'हेरॉन' हललीच नाही. जागच्या जागी सरळ वर आली.

पाण्याबरोबर पुढून पिवळी पानं आली, ढीगच्या ढीग. ती माझ्या बोटीच्या अंगाला लागून एका रेघेत जमली, आणि दुसरी रेघ पलीकडच्या भिंतीला लागून. मधलं सात फूट पाणी काळं आणि स्वच्छ राहिलं. त्यावर एकही पान आलं नाही.

वरचे दरवाजे उघडले. मी इंजिन अगदी हळू लावलं आणि बाहेर पडले. थोडं पुढे गेल्यावर, मागे दोराला वजन आल्यासारखा, इंजिनाचा आवाज अर्धा सूर खाली उतरला. तेव्हा मी वळून पाहिलं. लॉकमधली पानं दोन्ही बाजूंनी सरकत मधोमध एकत्र येत होती.