पाटी नसलेली जागा

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, रियाधमधल्या एका निवासी कंपाउंडच्या हॉलमध्ये, शंभर वर्षांपूर्वीच्या स्वीडिश मूकपटाची नायिका बर्फावरून तुरुतुरु धावत सुटली, आणि मराठी मंडळ खो खो हसलं.

शिवांगी हसली नाही. बँकेची नोकरी सांभाळून तिने पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मराठीत आणल्या होत्या. इथल्या मुलांना देवनागरी भरभर वाचता येत नाही, म्हणून त्या ती मोठ्याने वाचणार होती. ती तडक लॅपटॉपपाशी गेली. मंडळाचे चित्रपट नेहमी लावणाऱ्या गिरीशच्या जागी कुणी अनोळखी बसला होता.

"आजच्या चित्रपटांच्या वेगाने लावलात तुम्ही. मूकपट सावकाश चालवायचा असतो."

"सॉरी... मी सुमीत. मला वाटलं, थंडी आहे म्हणून पळतेय."

ओठ आवळूनही शिवांगीचं हसू निसटलंच.

वेग नीट जुळेपर्यंत खेळ तीन आठवडे पुढे ढकलला. दर शुक्रवारी दोघं वेग जुळवत बसले. या दिग्दर्शकाचे बहुतेक चित्रपट हरवले, उरलेल्यांत वारा-बर्फसुद्धा माणसांसारखे वागतात, असं ती सांगायची. तो पडद्याकडे कमी, तिच्याकडे जास्त बघायचा. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

एका जागी नायिका निघालेल्या खलाशाकडे नुसती पाहते... पाटीच नाही. सुमीत म्हणाला, घाल की काहीतरी. शिवांगीने झटकलं. दिग्दर्शकाच्या शांततेत आपले शब्द कोंबायचे नाहीत.

खेळाच्या दिवशी, पडदा बांधता बांधता त्याने सांगितलं – कंपनी त्याला दोन वर्षांसाठी दूर पूर्व किनाऱ्यावर, जुबैलला पाठवतेय. रविवारी सकाळी आठपर्यंत कळवायचंय. नकार दिला तर इथेच दुसरा कफील, व्हिसाची हमी घेणारा मालक, शोधावा लागेल. नाही मिळाला तर थेट भारत.

"तू सांग," तो म्हणाला.

"मी कोण सांगणार?"

अंधार झाला. वेग अचूक होता. नायिकेने मान वर केली. शिवांगीच्या हातातल्या कागदावर या जागी काहीच नव्हतं.

"थांब," ती म्हणाली.

हॉलला ती पाटीच वाटली. सुमीतला सगळ्या पाट्या पाठ होत्या. लॅपटॉपवरचा त्याचा हात तसाच राहिला.

खुर्च्या आवरताना तो जवळ आला.

"ते कुणाचं वाक्य?"

"माझं."

"खलाशाला?"

"खलाशाला कशाला..."

त्याने काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी पडदा सोडवायला हाक मारली.

रविवारी सात बावन्नला शिवांगीने बँकेच्या दारातून फोन केला. सुमीतने कंपनीला अजून काहीच कळवलं नव्हतं. होकाराचं आणि नकाराचं, दोन्ही पत्रं लिहून तयार होती, असं तो म्हणाला. "नकाराचं पाठव," ती म्हणाली.